व्याह्यांच्या हातची आंघोळ

आमच्या जागृतीचं आधीचं जमलेलं लग्न तिच्या वडिलांनी मोडलं, आणि तेही चहाचा कप हातात असताना. ठाण्याची मंडळी आली होती. मुलाची आई मनगट पुढे करून सांगत होती, बांगड्या बावीस कॅरेटच्या आहेत, सासूबाईंकडून आलेल्या. आमचे हे वाकले, एक बांगडी त्यांच्या मनगटावरच बोटाने फिरवली आणि म्हणाले, "अठरा. फार तर साडेअठरा." पुढच्या आठवड्यात पत्रिका जुळत नसल्याचा निरोप आला.

ह्यांचा दोष म्हणावा तर आहे, म्हणावा तर नाही. आमच्या विलासरावांनी सगळी नोकरी मुंबईच्या टांकसाळीत काढली, सोन्याला कस लावायच्या विभागात. सोनं किती खरं आणि त्यात भेसळ किती, हे तोंडावर सांगायचाच त्यांना पगार होता. दिवसभर हात सोन्यात आणि संध्याकाळी दारावर झडती देऊन, बूट झटकून घरी. घरी बायकोच्या गळ्यात दोन वाट्या. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण नायगावात राहून मी एकटीने चालवली. पण खरं सांगते, माझी तक्रार सोन्याबद्दल कधीच नव्हती. तक्रार होती ती सोन्याच्या गोष्टींबद्दल.

झालं असं, की तरुणपणी कधीतरी ह्यांना प्रश्न पडला, आपल्यापुढे वितळायला येणारं हे सोनं मुळात आलं कुठून. त्या दिवसापासून जे वाचन सुरू झालं ते निवृत्तीनंतरही थांबलं नाही. कॅलिफोर्नियात लाकूड चिरायच्या गिरणीच्या पाटात पिवळे खडे सापडले आणि जग कसं वेडं झालं, खलाशी जहाजं बंदरात तशीच टाकून डोंगराकडे कसे पळाले, हे मी इतक्या वेळा ऐकलंय की मला वाटतं मीही त्या जहाजावर होते. कॅलिफोर्निया संपलं की ऑस्ट्रेलिया. ऑस्ट्रेलिया संपलं की दक्षिण आफ्रिका, आणि शेवटी तो बर्फातला क्लोंडाइक, जिथे माणसं वर्षभराचं धान्य पाठीवर घेऊन खिंड चढली.

गॅसचा सिलिंडर देणारा आमच्या मजल्यावर यायला कचरतो तो ह्याच कारणाने. "खणणारे बहुतेक भिकारी राहिले बरं का," हे त्याला सांगत असतात, "श्रीमंत झाले ते फावडी आणि पाव विकणारे." एकदा अर्नाळ्याच्या मावशीसमोर बोंबील घेताना ह्यांची गाडी पाऱ्यावर आली. सोनं धरून ठेवायला तिकडच्या नद्यांत पारा ओतला होता, दीडशे वर्षं झाली तरी तिकडची मासळी अजून जपून खावी लागते, वगैरे. मावशीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, हे आपल्या पान्यातले बोंबील हायेत. घ्यायचे तर घ्या."

मी हसते, पण एक कबूल करायला हवं. त्या गोष्टींतलं दुःख हे कधी वगळत नसत. ज्यांच्या त्या जमिनी होत्या त्या मूळच्या लोकांना कसं हुसकलं, मारलं, हे सांगताना ह्यांचा आवाज खाली येई. चिनी मजुरांवर वेगळा कर बसवला, ते सांगताना वर चढे. आणि पाण्याच्या फवाऱ्याने डोंगर फोडल्यावर खालच्या शेतांत चिखल येऊन बसला, तेव्हा शेतकऱ्यांनी कोर्टात जाऊन ते बंद पाडलं, इथे आले की हे खुर्चीतून उठून उभे राहत, जणू निकाल ह्यांनीच दिलाय.

त्या सगळ्या सोन्यातली एक वस्तू ह्यांना एकदा हातात घ्यायची होती. ऑस्ट्रेलियात सोनं निघाल्यावर सिडनीला टांकसाळ निघाली आणि तिथे राणीच्या छापाच्या गिन्न्या पडू लागल्या. नदीतून काढलेलं सोनं तिथल्या तिथे नाणं होऊन बाहेर पडायचं. सुरुवातीच्या त्या गिन्न्यांवर मागच्या बाजूला सिडनीचं नाव स्पष्ट कोरलेलं असे. जहाजांतून त्या मुंबईलाही आल्या. ह्यांच्या हाताखालून गिन्न्या खूप गेल्या, पण सगळ्या विलायतेच्या नाहीतर पुढच्या काळातल्या. सिडनीची अशी एकच आली आणि ती वितळली गेली, तेव्हा हे रजेवर होते. रजा आमच्या लग्नाची होती. चौतीस वर्षं झाली, लग्नाच्या प्रत्येक वाढदिवसाला जिलबी खाता खाता ह्यांना ती गिनी आठवते.

असा माणूस. त्याला घेऊन मला वटारला, मुलीच्या होणाऱ्या सासरी, जायचं होतं.

धवल जागृतीच्या ऑफिसातला. वटारचे वाडवळ, पिढ्यान्‌पिढ्यांची बागायत. आधी केळी आणि पानवेल, आता सोनचाफा. वडील शंकरराव वाडी बघतात, आई मालनताई घर आणि वाडी दोन्ही. त्यांच्या घरातली बोली वेगळीच, आपसांत बोलू लागले की मला चार शब्द कळतात आणि सहा निसटतात. पण आमच्याशी बोलताना मालनताई शाळेतल्या बाईंसारखं नीट बोलतात. माणसं मला पाहताक्षणी आवडली. जागृतीचा तर जीव अडकला होता. म्हणून साखरपुड्याच्या वेळी तिने वडिलांना देवापुढे बसवून शपथ घातली होती, "बाबा, वटारला सोन्याबद्दल एक शब्द नाही. कुणी विचारलं तरी नाही." हे म्हणाले, बरं. साखरपुडा नुसत्या हवापाण्यावर पार पडला आणि जिलबी न खाताच मला गोड लागलं.

पण लग्नाच्या आधी त्यांच्याकडे एक रीत होती. घरच्या देवीला मुलीच्या वडिलांच्या हातची आंघोळ. देवी एरवी देव्हाऱ्यात चांदीच्या लहानशा पाटावर मेणाने घट्ट बसवलेली, पूजा होते ती समोरून. घरात सून यायची असली की तेवढ्यापुरती तिला सोडवायची आणि व्याह्यांच्या ओंजळीत द्यायची. त्यांनी दुधापाण्याने न्हाऊ घालायचं, पुसायचं, परत बसवायचं. मग दोन्ही घरं एक झाली. ऐकून मला फार बरं वाटलं. नाहीतर मुलीच्या बापाला आपल्याकडे पाय धुण्यापलीकडे कुठे काय हातात देतात?

धवलने आम्हा तिघांना गाडीने नेलं. भावकीतली दहाबारा माणसं जमली होती. मधल्या खोलीत देव्हारा, पुढे पाट, पाटावर आमचे हे, अंगावर कडक इस्त्रीचा झब्बा. शेजारी मी. मालनताईंनी मला आधीच देवीची कथा सांगितली. शंकररावांचे खापरपणजोबा गलबतातून पानं घेऊन मुंबईच्या बंदरात जात. त्यांना मुलं होत, पण वाचत नसत. एकदा कुठल्याशा आजारी परदेशी खलाशाला त्यांनी गलबतात निजवून आठ दिवस पेज पाजली. तो जाताना हातात काहीतरी ठेवून गेला. घरी आणून बायकोला दाखवलं तर तिने ओळखलंच, स्वप्नात येते ती हीच देवी, हाच चेहरा, हेच केस बांधलेले. तिने देव्हाऱ्यात बसवली. त्यानंतरचा मुलगा वाचला. त्या मुलापासून आजचं सगळं घर.

मी ऐकत होते आणि मनात जुळवत होते. परदेशी खलाशी, बंदर, बाईचा चेहरा. चौतीस वर्षांत माझंही शिक्षण झालेलं होतं.

शंकररावांनी मेण सोडवलं आणि देवी ह्यांच्या ओंजळीत ठेवली. रुपयाएवढी, सोन्याची, हळदीकुंकवाने भरलेली. मी दुधाची धार धरली. हळद निघाली तशी खाली एक बाईचा मुखवटा दिसू लागला, बाजूने पाहणारा, नाकडोळे झिजून गेलेले, केसांचा मागे अंबाडा. ह्यांची बोटं थांबली. त्या बोटांना काही सांगावं लागत नाही, वजन कळलं, कडेच्या बारीक खाचा कळल्या. मग ह्यांनी ती उलटी केली. मागची बाजू कायम मेणाखाली राहिलेली, ती मुखापेक्षा कितीतरी शाबूत होती. मला चष्म्याशिवाय अक्षरं दिसली नाहीत. ह्यांना दिसली. जागृती जन्मली तेव्हा दवाखान्यात ह्यांचा चेहरा असा झाला होता, त्यानंतर मी तो आज पाहिला.

आणि नेमकं तेव्हाच शंकरराव कौतुकाने भावकीला म्हणाले, आमचे व्याही टांकसाळीत होते बरं का, सोन्यातले मोठे जाणकार. झालं. भिंतीला टेकून बसलेले एक म्हातारे चुलते पुढे सरकले आणि म्हणाले, "मग सांगा की व्याही, आमची देवी कुठली, किती जुनी? आज कळू दे आम्हालाही."

जागृतीने डोळे मिटले. मी दुधाचं भांडं धरून बसले होते, हात मोकळा असता तर ह्यांना चिमटा काढला असता. ह्यांचं तोंड उघडलं. मला नदी दिसली, जहाजं दिसली, राणी दिसली, आणि दारात उभी माझी पोर दिसली. मालनताई पदर सावरत ह्यांच्याकडे एकटक बघत होत्या.

"कस लावायची नोकरी संपली माझी," हे म्हणाले. "आज मी आंघोळ घालायला आलोय."

चुलते हसले, सगळेच हसले. ह्यांनी देवीला पाणी घातलं, नव्या कापडात इतकं हळू टिपलं, की तान्ह्या मुलालाही कुणी तसं टिपत नाही. स्वतःच मेण लावून पाटावर बसवली. आणि मग ह्या माणसाने, ज्याला मी देवळाच्या दारात चपला सांभाळताना पाहत आलेय, तिच्यापुढे डोकं टेकलं.

मला वाटलं, सुटलो. पण त्या दुपारची गंमत पुढेच होती.

हात धुवायला आम्ही मागच्या नळावर गेलो तर धवल टॉवेल घेऊन आला. इकडेतिकडे बघून म्हणाला, "काका, तुम्ही ओळखलंत ना? मी कॉलेजात असताना फोटो काढून मोबाइलवर शोधलं होतं. राणीची गिनी आहे. पण आईबाबांना माहीत नाही. त्यांचा फार जीव आहे तिच्यावर. प्लीज, त्यांच्यासमोर कधी विषय नको." ह्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मान हलवली.

जेवणं झाल्यावर शंकररावांनी आम्हाला वाडी दाखवायला नेलं. सोनचाफ्याच्या रांगा, त्यापलीकडे केळी, मधोमध त्यांचं बावखल. ह्या तळ्याच्या पाण्यावर त्यांची सगळी वाडी उभी आहे, शेजारपाजारची बावखलं बुजून इमारती झाल्या, त्यांनी राखलंय. काठावर उभे राहून त्यांनी बरंच काही बावखलाबद्दल सांगितलं आणि मग पाण्याकडेच बघत म्हणाले, "विलासराव, तुम्ही मघाशी मोठेपणा दाखवलात. मला ठाऊक आहे ती काय आहे. तरुणपणी देवीवरचं छत्र करायला पाटासकट सोनाराकडे नेली होती, तो म्हणाला गिनी. पण मालनला सांगू नका. धवलच्या आधी दोनदा पोटातलं गेलं होतं तिचं. तिने ह्याच देवीला मागून घेतलाय त्याला." ह्यांनी पुन्हा मान हलवली, पण ह्या वेळी माझ्याकडे चोरून पाहिलं. मी केळीच्या घडाकडे बघत राहिले, नाहीतर हसू आलं असतं, नाहीतर रडू. कोणतं आधी, ते सांगता येत नव्हतं.

निघताना मालनताईंनी आम्हाला दोघांना मागच्या पडवीत बोलावलं. पिशवीत केळी, केळफूल आणि चाफ्याची फुलं भरत होत्या. भरता भरता म्हणाल्या, "व्याही, तुमचं तोंड उघडलेलं मी पाहिलं. मग मिटलंत, तेही पाहिलं."

ह्यांनी पुढे होऊन पिशवी धरली. त्या फुलं भरतच राहिल्या.

"मी आल्या दिवशीच ओळखली होती तिला. माझ्या मावशीच्या गळ्यात तसल्या चार होत्या. नाकडोळे होते हो तेव्हा हिला. रोज हळदीने घासून घासून गेले. आता राणी ती कितीशी राहिली?" त्यांनी एक फूल पिशवीच्या तोंडाशी ठेवलं, पुन्हा काढलं, नीट ठेवलं. "ह्यांना मात्र कळू देऊ नका. ह्यांच्या पणजोबा-खापरपणजोबांची श्रद्धा आहे. पोरालाही नको."

मला राहवलं नाही. मी विचारलं, "ठाऊक असून तुम्ही तिच्याकडे मूल मागितलंत?"

"मागितलं. दिलं ना तिने." एवढं साधं सांगून त्या ह्यांच्याकडे वळल्या. "माझ्या लग्नात माझ्या वडिलांनी आंघोळ घातली तिला. ते मुंबईला सराफाकडे कारकून होते. त्यांनी उलटी करून पाहिलीच असणार. मरेपर्यंत मला एका शब्दाने बोलले नाहीत. मी पण नाही विचारलं. आज तुम्ही गप्प राहिलात तेव्हा मला माझे वडील आठवले."

त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि डोळे पुसायला आत गेल्या. मी तिथेच उभी राहून रडले, उगाच कशाला लपवू. आपण मुलगी कुठे देतोय ही काळजी मला साखरपुड्यापासून पोखरत होती. एका घरात तीन माणसं, तिघांना एकच गोष्ट ठाऊक, आणि तिघंही ती एकमेकांपासून इतकी वर्षं जपतायत, कुणाला लागू नये म्हणून. आणि ती जपण्यात आधीच्या व्याह्यांचाही हात. अशा घरात पोर पडली, तर आणखी काय हवं? सोन्याहून पिवळं.

जागृती धवलबरोबर मागे थांबली. आम्ही रिक्षा केली. वटार मागे पडलं, निर्मळचा नाका गेला, हे एक शब्द बोलले नाहीत. मी वाट बघत होते. हा माणूस विजेचं बिल आलं तरी क्लोंडाइकला पोचतो, आणि आज तर. हे आपल्या तळहाताकडे बघत होते. रेषांमध्ये हळद राहिली होती.

"अहो," मी म्हणाले, "न्हाऊ घालताना मागची बाजू पाहिलीत ना?"

"पाहिली."

"सिडनीची होती का हो? तीच?"

ह्यांनी चष्मा काढून झब्ब्याला पुसला. डोळे भरलेले होते, उत्तर मला तिथेच मिळालं. मी सावरून बसले. म्हटलं, आता सुरू होईल. कुठल्या नदीतलं, कुणी काढलं असेल, कुठल्या जहाजाने आलं, त्या खलाशाने ते कधी मिळवलं असेल. होऊ दे. वसई फाट्यापर्यंत चालू दे, नायगावपर्यंत चालू दे.

"सरोज," हे म्हणाले, "ती त्यांच्या घरातली गोष्ट आहे."

"मी काय बाहेरची?"

"नाही. आता आपणही घरातलेच. म्हणून तर कुणी बोलायचं नाही."

चष्मा परत डोळ्यांवर चढला. रस्त्याला गर्दी होती, रिक्षा थांबत थांबत चालली होती. चौतीस वर्षं मी देवाकडे एकच मागणं मागत आले, की ह्या माणसाचं सोन्यावरचं तोंड एकदा बंद होऊ दे. मी त्यांचा हळदीचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "अहो, सांगा ना."

हे माझ्याकडे बघून हसले. घर येईपर्यंत काही बोलले नाहीत.